लेफ्ट आऊटचा कॉम्प्युटर

जिना उतरताना कृष्णात आडनाईक आधी डावा पाय खाली सोडायचा, विहिरीत घागर सोडावी तसा. तो टेकला याची खात्री झाली की मग उरलेला कृष्णात खाली यायचा.

हा पाय एके काळी आमच्या पेठेचा होता. म्हणजे तो कृष्णातच्या कमरेला जोडलेला असला तरी त्याच्यावर पेठेचा हक्क जास्त होता. कोल्हापुरात पेठेला तालीम असते आणि तालमीला फुटबॉलचा संघ असतो. बाहेरच्या माणसाला इथली कुस्ती ठाऊक असते, हे ठाऊक नसतं. आमची तालीम आणि पलीकडच्या पेठेची तालीम समोरासमोर आली की दोन्हीकडची दुकानं दुपारीच बंद व्हायची. कृष्णात आमचा लेफ्ट आऊट. एरवी मान खाली घालून चालणारा हा माणूस डाव्या कडेनं, चुन्याच्या रेषेला चिकटून पळायला लागला की उद्धट दिसायचा. गॅलरीतली म्हातारी माणसंही उभी राहायची.

१९९७ सालचा अंतिम सामना बरोबरीत संपत आला होता. कृष्णात कडेनं आत शिरला. समोरून संगमेश आला, पलीकडच्या तालमीचा फुलबॅक, बचावातला. गुडघा मोडल्याचा आवाज गॅलरीपर्यंत आला, असं लोक अजून सांगतात. पेनल्टी मिळाली. आमच्या कॅप्टननं, पिराजीनं, ती मारली आणि कप आमचा झाला. कृष्णातला रिक्षात घालताना पिराजी त्याच्या कानाशी वाकून म्हणाला होता, "पाय तालमीचा हाय, किस्ना. तालीम बघंल." संध्याकाळी मिरवणूक दवाखान्यावरून गेली. कृष्णातला हलगी जवळ येताना ऐकू आली, मग लांब जाताना ऐकू आली.

गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईला करायचं होतं. तालमीच्या बैठकीत त्याच्या खर्चाचा विषय पहिल्या वर्षी पुढे ढकलला, दुसऱ्या वर्षी वेळेअभावी राहिला, तिसऱ्या वर्षी कुणी काढला नाही. मध्ये एकदा शाल आणि नारळ दिला. गुडघा आपल्या मतानं जमेल तसा जुळला. कृष्णात उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत टाइमकीपर झाला. फाटकाजवळच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहायच्या, हे काम. बसून करायचं. त्यानं लग्न केलं. पूर्णिमा ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करायची. तिनं नवऱ्याला पळताना कधी पाहिलं नव्हतं आणि त्याच्या तोंडून फुटबॉल हा शब्दही ऐकला नव्हता. स्टेडियमच्या रस्त्यानं तो जायचाच नाही. बाजाराला जायचं तरी वळसा घालायचा, त्या पायानं.

ते दोन हजार चार-पाच साल असावं. फाउंड्रीजवळ एक नेट कॅफे होता. भाचीचा बारावीचा निकाल बघायला कृष्णात तिथं गेला आणि शेजारच्या पडद्यावर त्यानं मैदान पाहिलं. हिरवं, कडेला पांढरी रेष. कुणीतरी फुटबॉलचा गेम खेळत होतं. निकाल बघून झाल्यावर तो उठला नाही.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत जायला लागला. त्या खेळात सगळे संघ निवडतात. कृष्णातनं माणूस निवडला, डाव्या कडेचा. चेंडू कुठंही असला तरी तो शेवटी त्या माणसाकडे आणायचा आणि त्याला रेषेवरून सोडायचा. बोटाखाली एक बटण दाबून धरलं की तो माणूस वेग घ्यायचा. बोट दुखायचं, गुडघा दुखायचा नाही.

घरी तो जेवताना बोलायला लागला. आज दोघांना काढून आत शिरलो, असं काहीतरी. पूर्णिमाला त्यातलं काही कळत नव्हतं. पण नवरा जेवताना बोलतोय, एवढं कळत होतं.

पुढे पोरं शाळा बुडवून तिथं बसतात म्हणून आया भांडायला येऊ लागल्या आणि कॅफेवाल्यानं सगळे गेम काढून टाकले. कृष्णात पुन्हा गप्प झाला. पंधरवडाभर तिनं ते सहन केलं, मग तिची भिशी लागली तेव्हा पैसे त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, "घरातच आणा ते. पण चांगलं आणा. परत न्हाय जमायचं."

वीस हजारांत बसवायचं होतं. कंपनीचा तयार कॉम्प्युटर त्यात येत नव्हता, सुटे भाग घेऊन जोडून घ्यायचा. कृष्णातनं हे काम टाइमकीपरच्या चिकाटीनं केलं. शाहूपुरी, स्टेशन रोड, राजारामपुरी, प्रत्येक दुकानात जाऊन भाव विचारले. त्याच्या लक्षात आलं की इथं सगळं एकमेकांच्या जिवावर उठलेलं असतं. मॉनिटर मोठा घेतला की मेमरी कमी पडते, प्रोसेसर नावाजलेला घेतला की पडद्यावरची चित्रं पळवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला काही उरत नाही. त्यानं हे पूर्णिमाला सांगितलं. ती कापड बेतत होती. म्हणाली, कमी कापडात तसंच होतं, बाही लांब काढली की पाठ आखूड पडते. मग आधी काय काढायचं, त्यानं विचारलं. ज्याच्याशिवाय अंगावर चढणार नाही ते आधी, ती म्हणाली.

ते काय, हे त्याला राजारामपुरीतल्या एका माडीवरच्या दुकानात कळलं. काउंटरमागे पोट सुटलेला, कपाळाला विभूती लावलेला माणूस बसला होता. "या पावणं, बसा," असं म्हणून त्यानं मान वर केली आणि हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

तो संगमेश होता, त्या सामन्यातला फुलबॅक. बाप गडहिंग्लजकडून येऊन पलीकडच्या पेठेत कापडाचं दुकान टाकून बसला होता, पोरानं कॉम्प्युटरचं टाकलं होतं. कृष्णातनं पाटी वाचली होती, पण पाटीवर देवाचं नाव होतं, माणसाचं नव्हतं. आता वळून जिना उतरायचा म्हणजे त्याच्यासमोर तो डावा पाय आधी खाली सोडायचा. कृष्णात बसला.

चहा आला. कृष्णातनं सांगितलं की मंडळींच्या शिवणकामाच्या हिशोबासाठी कॉम्प्युटर हवाय. संगमेशनं ऐकून घेतलं. पण कृष्णातनं विचारलेले चारही प्रश्न कार्डाबद्दलचे होते आणि हिशोबाला कार्ड लागत नाही, म्हणून तो हळूच म्हणाला, "गेमसाठी हाय न्हवं? फुटबॉलच्या?"



संगमेशनं दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी चालू केले. दोन्हीवर तोच गेम. पहिल्यात महागडा प्रोसेसर होता, कार्ड नव्हतं. त्यातला माणूस दोन पावलं पळायचा, थबकायचा, पुन्हा दोन पावलं. चेंडू त्याच्या आधी पोचायचा किंवा नंतर. दुसऱ्यात प्रोसेसर स्वस्तातला होता, पण कार्ड होतं. कृष्णातनं बटण धरलं. लेफ्ट आऊट रेषेवरून निघाला आणि कुठंही न अडखळता कोपऱ्यापर्यंत गेला, पाणी उतारावरून जावं तसा. कृष्णातनं त्याला परत आणलं आणि पुन्हा सोडलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं, गेलं. संगमेश उभा राहून बघत होता.

मग त्यानं दुसऱ्या कॉम्प्युटरचं झाकण काढून आतली पाटी, मदरबोर्ड, दाखवली. त्याच्यावर एक तपकिरी खाच होती. कार्ड इथं बसतं, तो म्हणाला. प्रोसेसर लहान घ्या, मॉनिटर लहान घ्या, पण ही खाच असलेलाच बोर्ड घ्या. ही नसली तर पुढं कितीही भारी कार्ड आणलं तरी ठेवायचं कुठं?

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग संगमेश म्हणाला, "कार्ड मी पडत्या भावात देतो. त्यात कमवायचं न्हाय मला."

कृष्णातनं कप खाली ठेवला.

"त्या दिवशी मी बॉलच बघितलता," संगमेश म्हणाला.

"बॉल कवाच गेलता," कृष्णात म्हणाला आणि उठला.

हे इथं संपलं असतं. दुसऱ्या कुठल्याही गावात माणसानं मनातला राग मनात ठेवून स्वस्त आणि चांगली वस्तू कुठं मिळते ते पाहिलं असतं. पण आमच्यात केस कापायचे तरी आपल्या पेठेतल्या खुर्चीत. पलीकडच्या पेठेतून लग्नाचा बस्ता बांधला म्हणून आमच्याकडे एका घरच्या वरातीला माणसं गेली नव्हती. संध्याकाळपर्यंत तालमीच्या कट्ट्यावर कळलं होतं की कृष्णात आडनाईक संगमेशच्या दुकानात तासभर बसून चहा प्याला.

दुसऱ्या दिवशी पिराजी घरी आला. सात-आठ वर्षांत पहिल्यांदाच. तो आता शाहूपुरीत दुकान चालवायचा, तेही कॉम्प्युटरचंच, आणि पुढच्या महापालिकेला उभा राहणार अशी बोलवा होती. खुर्चीत बसून त्यानं घर नीट पाहून घेतलं.

"किस्ना, आपलं दुकान मेलंय व्हय?" तो म्हणाला. "ज्यानं तंगडी मोडली त्याच्याच दारात गेलास?"

भाव विचारायला गेलो होतो, कृष्णात म्हणाला. त्याच्या आवाजात शरमेबरोबर आणखी काहीतरी होतं, आणि ते आनंदासारखं होतं. पेठेला त्याची आठवण झाली होती. त्यानं पिराजीला सगळं नीट सांगितलं. प्रोसेसर लहान चालेल, कार्ड पाहिजे, खाच असलेला बोर्ड पाहिजे. पिराजीनं मान डोलावली. पैसे त्यानं तिथंच मोजून घेतले आणि म्हणाला, तू दुकानात यायचं नाहीस, पायाला त्रास नको, तालमीची माणसं घेऊन मी घरी येऊन जोडून देतो.

रविवारी सकाळी ते आले. पिराजी, त्याचा जोडणारा कारागीर, तालमीचे अध्यक्ष, तीन-चार जुने खेळाडू आणि एक फोटोग्राफर. पूर्णिमानं शिवणयंत्र कोपऱ्यात सरकवून जागा केली. अध्यक्षांनी नारळ वाढवला. मॉनिटर मोठा होता, सांगितला होता त्याहून मोठा. प्रोसेसरचं खोकं पिराजीनं सगळ्यांना दिसेल असं वर धरलं आणि म्हणाला, "पेंटियम फोर. आपल्या पेठेच्या लेफ्ट आऊटच्या घरात हलकासलका माल बसवायचा व्हय?"

सगळे हसले, कुणीतरी कृष्णातच्या पाठीवर थाप मारली.

कृष्णात वाकून उघड्या डब्यात बघत होता. राजारामपुरीत जिथं तपकिरी खाच होती, तिथं इथं काही नव्हतं. हिरव्या पाटीवर फक्त कथलाच्या बारीक टिकल्यांची रांग होती, खाच बसवायची राहून गेल्यासारखी. दात पडल्यावर हिरडी दिसते तशी ती जागा दिसत होती.

"कार्ड?" तो म्हणाला. हळू म्हणाला, पण पिराजीला ऐकू गेलं.

"आतच हाय की ते. ऑन बोर्ड," पिराजी म्हणाला. "पुढं वाटलं तर भारीतलं टाकू."

पुढं काही टाकता येणार नाही, हे कृष्णातला दिसत होतं. त्यानं एवढंच म्हणायचं होतं की ह्याला खाच नाही, हा परत न्या. पण खाच असते, हे तो कुठं शिकला होता? ते सांगायचं म्हणजे अध्यक्षांसमोर, जुन्या खेळाडूंसमोर, फुटलेल्या नारळासमोर संगमेशचं नाव घ्यायचं. फोटोग्राफर म्हणाला, इकडं बघा. कृष्णातनं इकडं बघितलं. हातात नारळाची वाटी होती. कारागिरानं झाकण लावून स्क्रू पिळले.

असे बिनखाचेचे बोर्ड पिराजीकडे एका शाळेच्या रद्द झालेल्या ऑर्डरीचे पडून होते, हे नंतर त्याचा कारागीरच कट्ट्यावर सांगत होता. तेव्हा त्यात कुणाला विशेष वाटलं नाही.

दुपारी माणसं गेल्यावर कृष्णातनं गेम चालू केला. लेफ्ट आऊट निघाला. दोन पावलं पळाला, थबकला. पुन्हा दोन पावलं. कृष्णातनं बटण सोडून पुन्हा धरलं. पडद्यावरचा माणूस डाव्या कडेनं लंगडत गेला आणि चेंडू रेषेबाहेर गेला. पूर्णिमा मागे उभी होती. तिला खेळातलं कळत नव्हतं, पण हे चालणं ती ओळखत होती.

चार दिवसांनी चौकात डिजिटल फलक लागला. तेव्हा असे फलक नवे होते, माणसं थांबून वाचायची. वर पिराजीचा हात जोडलेला फोटो, दारापेक्षा मोठा. खाली कोपऱ्यात कृष्णात, हातात नारळाची वाटी. मध्ये लिहिलं होतं: आमचा खेळाडू, आमची जबाबदारी. जखमी खेळाडूस तालमीतर्फे संगणक भेट.

पूर्णिमा शिवलेल्या ब्लाउजांची पिशवी घेऊन त्या फलकाखाली थांबली. वाचून झाल्यावरही थांबली. घरी आली तेव्हा कृष्णात कामावरून आलेला होता.

"तालमीनं दिला व्हय?" ती म्हणाली. "मग माझी भिशी कुठं गेली?"

कृष्णातनं जेवणाचा डबा पिशवीतून काढून मोरीत ठेवला.

"अवो, जाऊन सांगा तरी. न्हायतर मी जाते."

"तू गेलीस तर मला पेठ सोडाय लागंल," कृष्णात म्हणाला. आवाज न चढवता म्हणाला, उद्याची पाळी सांगावी तसा.

ती चौकात गेली नाही. राजारामपुरीत गेली. संगमेशला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं, पत्ता विचारत गेली. कॉम्प्युटरमध्ये काय बसवलंय हे तिनं तिला जमेल तसं सांगितलं आणि त्याला ते लगेच कळलं. फलक त्यानंही वाचला होता. तो म्हणाला, डबा घेऊन या, बोर्ड बदलून देतो, कार्ड घालून देतो, पैशाचं नाव काढू नका. येताना तिनं पेढे आणले. तिला वाटलं होतं, सुटलं.

कृष्णातनं सगळं ऐकून घेतलं. पेढ्याला हात लावला नाही.

"पाय त्यानं घेतला," तो म्हणाला, "आता पाय द्यायलाबी त्योच का?"

"मग कोण देणार? पिराजी?"

 पुढच्या काळात मी अनेकदा कृष्णातच्या जागी उभं राहून बघितलं आहे. पिराजी खोटा म्हटला तर पेनल्टी खोटी होते, कप खोटा होतो, मिरवणूक खोटी होते. मग त्या दुपारी गुडघा कशासाठी गेला? माणूस पायाशिवाय राहू शकतो. पाय फुकट गेला, हे घेऊन राहता येत नाही. म्हणून तो पिराजीला खोटं म्हणत नव्हता. उलट कुणी विचारलं, कॉम्प्युटर कुठनं घेतला, तर सांगायचा, आपल्या पिराजीकडनं. फाउंड्रीतल्या दोघांना त्यानं पिराजीकडेच पाठवलं. त्यांनाही बिनखाचेचेच बोर्ड मिळाले, पण त्यांना खाच असते हे माहीत नव्हतं, म्हणून ते सुखात राहिले.

निवडणूक लागली. पिराजी हार घालून, माणसं घेऊन गल्लीत आला आणि मुद्दाम कृष्णातच्या दारात थांबला. पाठीमागे हलगी होती. या वेळी ती थांबली.

"काय किस्ना, चालतोय न्हवं मशीन?"

पूर्णिमा शिवणयंत्रावर होती. तिनं पाय थांबवला आणि नवऱ्याकडे बघितलं. सगळी गल्ली ऐकत होती. तिला वाटलं, आता बोलेल.

"पळतोय की," कृष्णात म्हणाला.

पिराजीनं त्याला मिठी मारली. कुणीतरी गुलाल उधळला, त्यातला थोडा कापडावर पडला. पूर्णिमानं तो झटकला आणि शिलाई पुढे चालू केली. ते ब्लाउज पांढरं होतं, डाग राहिला. त्याचे पैसे गिऱ्हाइकानं दिले नाहीत. पिराजी निवडून आला.

त्यानंतर कृष्णातनं तो गेम सोडून दिला असेल, असं आम्हाला वाटलं होतं. त्यानं सोडला नाही. एका रविवारी त्याला गेममध्ये एक पान सापडलं, जिथं चित्रातल्या गोष्टी एकेक करून बंद करता येत होत्या. मशीनवरचा भार हलका करायला. त्यानं आधी खेळाडूंच्या सावल्या काढल्या. लेफ्ट आऊट दोनाऐवजी चार पावलं सलग पळाला. मग गवत काढलं, मैदान एका रंगाचं सपाट झालं. मग जर्सीच्या घड्या, मग चेहरे. दर वेळी तो खेळून बघायचा आणि परत त्या पानावर यायचा. शेवटी राहिले प्रेक्षक. ते काढायला त्यानं बराच वेळ घेतला.

पूर्णिमा चहा घेऊन आली तेव्हा पडद्यावर मैदान रिकामं होतं. भोवतीच्या गॅलरीत करड्या पायऱ्या तेवढ्या होत्या. चेहरे नसलेली काही माणसं सपाट जमिनीवर पळत होती.

"माणसं कुठं गेली सगळी?" तिनं विचारलं.

"काढली," कृष्णात म्हणाला.

ती बघत उभी राहिली. डाव्या कडेचा माणूस चेंडू घेऊन निघाला. तो अजून अडखळत होता, पण कमी. लक्ष देऊन पाहिलं तरच कळावं इतकं. एकाला त्यानं काढलं, दुसऱ्याला काढलं, आत शिरला आणि चेंडू जाळ्यात गेला. कुठूनही आवाज आला नाही. कृष्णातनं बटण सोडलं. जुन्या सवयीनं त्याची नजर पडद्याच्या वरच्या बाजूला, गॅलरीकडे गेली आणि तिथं थोडा वेळ राहिली. मग त्यानं चहा घेतला.